कुंडावर जायचंय? नवशिक्यांनी आधी हे वाचा

परदेशी माहितीपटात दाखवतात तशी चुनखडीची दरी, तिकीटखिडकी, टोपीवाला वनरक्षक आणि लाकडी फळ्यांची पायवाट डोळ्यांसमोर असेल, तर तुम्ही चुकीच्या जिल्ह्यात येताय. चुनखडी पाण्यात विरघळते. आंध्रातल्या बेलमच्या गुहा अशाच झाल्या. आपला नगर जिल्हा (सरकारदरबारी अहिल्यानगर, एसटीच्या फलाटावर अजून नगरच) जवळजवळ सगळा काळ्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा. हा कातळ पाण्याला असा सहजासहजी दाद देत नाही. त्याला घासूनच काढावं लागतं. ते काम कुकडी नदीने कसं केलं, ते पारनेर तालुक्यातल्या निघोजला बघायचं. पुस्तकात याला रांजणखळगे म्हणतात. रस्ता विचारताना मात्र ‘कुंड’ म्हणा, नाहीतर समोरचा माणूस तुम्हाला शाळेच्या सहलीचे मास्तर समजेल.

पुण्याकडून येणाऱ्यांनी शिरूरपर्यंत नगर रस्ता धरावा, मग विचारत यावं. मोबाईलने निघोजऐवजी टाकळी हाजीला नेऊन सोडलं तरी भांडू नका. नदीचा एक काठ नगर जिल्ह्यात, दुसरा पुण्यात. मळगंगेचं देऊळ मात्र दोन्ही काठांना आहे, त्यामुळे देवीच्या बाबतीत तरी हद्दीचा वाद नाही. चैत्रात यात्रा असते. गर्दी आवडत नसेल तर तेव्हा येऊ नका, आणि आलात तर गर्दीबद्दल तक्रार करू नका.

पोहोचल्यावर थोडी निराशा होणार, तिची तयारी ठेवा. आजूबाजूला सपाट रान, कांदा, ज्वारी, आणि दरी कुठेच नाही. ती खाली आहे. काठाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. दिसली की प्रथेप्रमाणे ‘एवढंच?’ असं म्हणावं. प्रत्येक गटात एक जाणकार काका असतात, ते लगेच उल्कापाताचा सिद्धान्त मांडतात आणि गिनीज बुकात नोंद असल्याचं सांगतात. पान क्रमांक विचारू नये.

यानंतर खोली मोजायला खळग्यात दगड टाकण्याचा कार्यक्रम होतो. नवशिक्यांना वाटतं आपण नदीची खोडी काढली. खरं तर हे असंच घडलंय. पुराच्या वेगात पाण्याला भोवरा पडतो, कातळातल्या एखाद्या खोलगट जागी गोटे अडकतात आणि जात्यासारखे गरगरत राहतात. गोटा झिजतो, खळगाही झिजतो. जुना गोटा संपला की पुढच्या पुरात नवा येतो. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत एकमेकांना भिडले की मधली भिंत पातळ होते, तिला भोक पडतं, ती ढासळते, आणि नदीला पुढे सरकायला नवी वाट मिळते. तेव्हा तुम्ही टाकलेला दगड नदी वाया घालवणार नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचं तसं नाही. बाटलीने बेसाल्टला आजवर ओरखडाही काढलेला नाही, त्यामुळे ती टाकून नदीला मदत होते असा समज असल्यास सोडून द्यावा.

पावसाळ्यात येऊन खळगे शोधू नका, ते पाण्याखाली असतात. पाणी उतरल्यावर या. तरीही वर जुन्नरकडे येडगाव धरणातून विसर्ग सुरू आहे का, ते गावात विचारून मगच खाली उतरा. गुळगुळीत चप्पल घालून काठावर उभं राहून फोटो काढणं हा या मार्गदर्शिकेत शिकवला जात नाही असा विषय आहे. त्या कातळाला पुराने इतकी वर्षं पॉलिश केलंय की हाताला काहीच लागत नाही. हिरवं पाणी पाहून पोहायची हुक्की आली तर एवढं लक्षात घ्या, वरून तळ दिसत नाही आणि आतल्या भिंती चढण्याजोग्या नाहीत.

थोडे सरावलात की सगळे खळगे पाहायचा हट्ट सोडा. एकच कोरडा खळगा निवडा आणि सोबतच्यांना चहाला पाठवा. आतल्या भिंतीवर फिरत खाली गेलेल्या पन्हाळी दिसतील. मोठ्याच्या तळाला एक छोटा खळगा सुरू झालेला असेल, त्यात वाळू, आणि वाळूत दोन-चार गुळगुळीत गोटे. ते मासळीच्या टाकीत शोभतील म्हणून खिशात घालायचा मोह सगळ्यांना होतो. ठेवा परत. पुढच्या पुरात त्यांना काम आहे.

डबा आणला असेल तर खा, खरकटं आणि पत्रावळ्या सोबत न्या. आणि गाडी बांधावर आडवी लावू नका. कांद्याचा ट्रॅक्टर अडला की शेतकरी जे बोलतो ते कोणत्याही मार्गदर्शिकेत छापता येत नाही.