रुपयाला एक नेम

बंदूक घ्यायची आणि ती स्वस्तात चालवायची, असा विचार बडोद्यात राहून करणं म्हणजे या शहराच्या इतिहासाशी उघड वैर धरणं. इथे खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवून घेतल्या. मागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना चांदी फिकी वाटली असावी, त्यांनी भरीव सोन्याच्या तोफांची जोडी पाडून घेतली. तोफा ओढायला बैल, बैलांच्या अंगावर झुली. पुढे 1875 साली इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आळातून मल्हाररावांची गादीच गेली आणि मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव होऊन तिथे बसला. तोफेची ऑर्डर देताना 'दर बाराला पडणार किती?' असं मल्हाररावांना कुणी विचारलं नसावं.

मला विचारलं. घरातूनच.

त्याचं असं झालं, की 1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा मुलगा. बडोद्याच्या तरसाली भागातल्या आमच्या सोसायटीत मराठी माणसं थोडी, पण त्या दिवशी आम्ही सगळे राधानगरी तालुक्याचे झालो. संध्याकाळी मी जाहीर केलं, की आपणही रायफल घेणार. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला चष्म्याशिवाय दुधाच्या पिशवीवरची तारीख दिसत नाही." मग थोडा विचार करून, "आणि गोळी केवढ्याला?"

इथे माझ्या स्वप्नाला पहिला खड्डा लागला. स्वप्नीलचा प्रकार 50 मीटरचा, रायफल पॉइंट बावीसची. तिच्यात दारू भरलेलं काडतूस जातं. म्हणजे 1959 चा शस्त्र कायदा, परवाना, पोलिसांची चौकशी, घरी ठेवण्याची व्यवस्था, आणि एवढं होऊन प्रत्येक बारागणिक एक काडतूस कायमचं गेलं. फोडलेलं काडतूस परत भरता येत नाही, हे कळल्यावर आमच्या घरातला विषय तिथेच मिटला. आम्ही दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवणारी माणसं.

उरली एअर रायफल. कायदा हिच्या बाबतीत बराच समजूतदार आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरच्या वर नसेल आणि नळीतून निघताना छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. 10 मीटर स्पर्धेच्या रायफलीतून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. बाकी गणित करून पाहावं, सात-साडेसात ज्यूल येतात.

हे मी समोरच्या काकांना समजावलं. काका मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. म्हणाले, "वीसची मुभा छे ने? तो सातमां शुं काम? जाडी स्प्रिंग नाखी दऊं." त्यांना हात जोडून सांगितलं, की काका, जाडी स्प्रिंग वीसच्या वर गेली तर आपल्या दोघांची सोय सरकार करेल.

रायफल येणार म्हटल्यावर सोसायटीतल्या लोकांनी तिला आपापली कामं नेमून दिली. एकाला गच्चीवरच्या पापडांसाठी माकडं हाकायची होती. ती माकडं म्हणजे काळ्या तोंडाची वानरं. कायद्याने संरक्षित, आणि शनिवारी त्यांच्याच नावाने तेल वाहणारे आम्हीच. दुसऱ्या गृहस्थांची मागणी खास बडोद्याची होती. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की मगरी रस्त्यावर येतात, तेव्हा तुमची बंदूक कामाला येईल म्हणाले. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे मी सांगितलं. सात ज्यूलचा छर्रा तिच्या पाठीला लागल्याचं तिला कळणारही नाही, आणि कळलंच तर ते जास्त वाईट, हेही सांगितलं. त्यांनी निराश होऊन विचारलं, "मग मारायचं काय?" कागद, म्हटलं. दहा मीटरवरचा कागद.

त्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचारचा. म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊपट जाड वस्तू त्या ठिपक्यावर मधोमध बसवायची, आणि हे साठ वेळा. साठही अगदी नेमके बसले तर दर बाराला 10.9 प्रमाणे 654 गुण. हिशेबी माणसाला हा खेळ आवडतो तो या दशांशामुळे.

आता कोणती घ्यावी? प्रकार मुख्यतः दोन. एकीत स्प्रिंग असते. नळी मोडून खाली ओढायची, स्प्रिंग दबते, छर्रा घालायचा, झालं. इंधन म्हणजे आपला उजवा हात. दुसरीत आधीच हवा कोंडलेली असते, 200 बारपर्यंत. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे जवळजवळ शंभरपट. ती भरायला पाणबुड्यांसारखं सिलिंडर तरी लागतं, नाहीतर खास हातपंप. पंप मारून झाल्यावर ज्या हाताने नेम धरायचा तो हात अर्धा तास थरथरत असतो, पण बार मात्र असा शांत सुटतो की खांद्याला कळत नाही. ऑलिम्पिकमधल्या रायफली याच जातीच्या. जर्मनीहून, ऑस्ट्रियाहून येतात आणि किंमत लाखांत. वर ते ताठ कॅनव्हासचं जाकीट आणि पाटलोण, ज्यात माणूस बसू शकत नाही. त्याचे पैसे निराळे.

स्प्रिंगवाली देशी काही हजारांत मिळते. त्यांत जुनं नाव आयएचपी, म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. होय, तीच. वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढलेली, गावोगावच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे सिमेंटचे नळ करणारी कंपनी. तिने एअर रायफलही केली. मला यात काही विसंगत वाटत नाही, शेवटी नळीच ती. एकीतून काय सुटतं आणि दुसरीतून काय, एवढाच फरक. अलीकडे ठाण्याकडची प्रेसिहोलही या धंद्यात आहे. तिच्या घरचं मूळ काम लोखंडात खोल, सरळ भोकं पाडणारी यंत्रं बनवण्याचं. मराठी मुलखातली बंदूक ही अशी नळ आणि भोक यांच्या सरळ मार्गाने आली.

मी स्प्रिंगवाली घेतली. ओळखपत्र दाखवलं, दुकानदाराने नोंद केली. पाचशे छऱ्यांचा डबा साधारण रुपयाला एक छर्रा या भावाने पडला. मध्ये कंबर, मागे घेर असा हा शिशाचा दाणा. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, ही सूचना घरात फार कडक पाळली जाते. साठ बारांचा पूर्ण सामना साठ रुपयांत. शेव-उसळीच्या एका प्लेटशी बायकोने त्याची तुलना केली आणि मंजुरी दिली.

जागेचा प्रश्न तेवढा राहिला. गच्ची बाद, कारण छर्रा चुकला तर शेकडो मीटर जातो, आणि उत्तरायणाच्या पतंगांपायी महिनाभर आधीपासून गच्चीवर माणसाला उभं राहायला जागा नसते. मोजून पाहिलं तर पुढच्या जाळीपासून मागच्या वाड्याच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरले, फक्त मध्ये हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघर. भिंतीला लोखंडी पत्रा, त्याच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांनी गच्च भरलेलं खोकं. वाड्यातून बाहेर जाणारं दार आतून बंद, सगळी माणसं माझ्या पाठीमागे, मगच बार. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत गोळीबार बंद, हा आमच्या रेंजचा नियम.

स्प्रिंगची रायफल घट्ट धरली की नेम बिघडतो. बार होताना आतला दट्ट्या पुढे धावतो, ती आधी मागे आणि मग पुढे उसळते. नवीन सुनेच्या माहेरच्या माणसांशी वागावं तसं तिला सैल हाताने, पण लक्ष देऊन धरायचं. हे जमायला वेळ लागतो. तोवर वर्तमानपत्रांतले अग्रलेख बरेच जखमी झाले.

मग एका प्रशिक्षकांनी सांगितलं, की मोठे नेमबाज बराचसा सराव छर्रा न घालताच करतात. नुसता नेम, श्वास, घोडा. याला ड्राय फायरिंग म्हणतात. खर्च शून्य! मी हर्षभरित होऊन घरी येत होतो, तेवढ्यात त्यांनी मागून हाक मारली. स्प्रिंगच्या रायफलीत हे चालत नाही. पुढे छर्रा नसेल तर दट्ट्या जोरात आपटतो आणि रायफल खराब होते. फुकटच्या सरावाची खास सोय असते ती त्या लाखांच्या रायफलींत.

काकांना हे ऐकवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एटले मफतमां फोडवुं होय तो बे लाख आपवाना?"

आता ते रोज संध्याकाळी येतात. पाच छर्रे मागून घेतात, पाच बार काढतात आणि टीव्हीवर पाच रुपये ठेवून जातात. बायको ते वहीत जमेला धरते. काकांचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, त्यासाठी वहीत रकाना नाही.