दीर्घ आजारांच्या यादीत

आमच्या मंडळीत उपासना संपण्याआधी पाळकसाहेब प्रार्थनेसाठी विनंत्या विचारतात. कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाची पोलीस भरती, कुणाची बोअर आटलेली. माझी पीएचडी त्या यादीत पहिल्यांदा गेली ती सासूबाईंच्या तोंडून, आणि परीक्षेला बसणाऱ्यांच्या रांगेत, दहावी-बारावीच्या मुलांबरोबर. दहावीची मुलं बारावीला गेली, बारावीची इंजिनिअर झाली, त्यातल्या एकाचे लग्नाचे जाहीरनामेही चर्चमध्ये वाचून झाले. माझं नाव काही हलेना. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी, कुणाला फार जाणवणार नाही अशा बेताने, ते ‘दीर्घकाळ आजारी असलेल्यां’च्या यादीत सरकवलं. तेव्हापासून एका काकांचा अर्धांगवायू आणि एका मावशींचे गुडघे यांच्या मधोमध माझ्यासाठी धीर मागितला जाऊ लागला. काका पुढे काठी घेऊन चालू लागले. मावशी तर ट्रिपला जाऊन आल्या.

माझा विषय ‘ज्ञानोदय’ आणि मराठी ख्रिस्ती स्त्रियांचं लेखन. अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला आले आणि १८४२ साली त्यांनी नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. तेव्हा नगरमध्ये राहून यावर प्रबंध लिहायचा म्हणजे घरबसल्या काम, असं मी धरून चालले होते. नगरच्या माणसाला ‘ज्ञानोदय’ म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, हीसुद्धा माझीच समजूत. शेजारच्या वहिनींनी विचारलं, “कितवीपासून घेतात हो त्या क्लासला?”

लोक नेहमी विचारतात, घर, चर्च आणि पीएचडी यांचा समतोल कसा साधला. मला या प्रश्नाची गंमत वाटते, कारण तो माझ्या बरोबरीच्या पुरुष संशोधकांना कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रंथालयात जुने प्रबंध चाळताना मला त्यांचे ऋणनिर्देश वाचायचा नाद लागला होता. ‘संसाराची सर्व जबाबदारी हसतमुखाने सांभाळणारी माझी सहधर्मचारिणी’ जवळजवळ प्रत्येकात भेटते. तिचा समतोल तिने कसा साधला, ते कुठल्याच प्रकरणात नाही. आणि खरं सांगायचं तर समतोल वगैरे काही नसतो. रोज कुणाला तरी कमी पडतं. मूल रडून मागतं, गाईड फोन करून मागतात, कुकर शिट्टी मारून मागतो. देव यातलं काहीच करत नाही, म्हणून सगळ्यात आधी कात्री लागते ती त्याच्या वाट्याला. सकाळची प्रार्थना आधी आटोपशीर झाली, मग स्कूटरवर होऊ लागली, सिग्नलच्या मापाने.

रविवार तेवढा सासूबाईंच्या ताब्यात होता. रविवारी लॅपटॉप उघडायचा नाही, हा त्यांचा कायदा, आणि मोशेच्या दहा आज्ञांपेक्षा तो जास्त पाळला जाई. एकदा सादरीकरण तोंडावर आलेलं असताना ह्यांनी माझी बाजू घेतली. शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी शेतातली कणसं मोडून खाल्ली आणि कर्मठ परुशांनी बोट दाखवलं, तरी प्रभूने शिष्यांनाच सावरून घेतलं, असा शास्त्राधार काढला. सासूबाई म्हणाल्या, “त्यांना भूक लागली होती. हिला डिग्री लागली आहे.” यावर परुशीसुद्धा गप्प बसले असते. मी लॅपटॉप मिटला आणि जेवून दुपारभर झोपले. सोमवारी पहाटे उठले तर अडून बसलेलं प्रकरण चालायला लागलं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंचं शास्त्र हा खरं तर वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आहे आणि मार्था स्वयंपाकघरात राबते आहे. मार्था तक्रार करते, तर प्रभू बाजू मरीयेची घेतो. शिकणाऱ्या बाईला याहून मोठा आधार कुठला? मी तो मोठ्या अपेक्षेने वाचून दाखवला. सासूबाईंनी चष्मा पुसला. “प्रभू त्या दिवशी जेवून गेला का उपाशी, ते लिहिलेलं नाही. जेवला असेल तर मार्थेनंच वाढलं असणार. आणि योहानाचा बारावा अध्याय काढ.” मी काढला. तिथे पुन्हा त्याच बहिणींच्या गावी मेजवानी आहे, आणि पुन्हा मार्थाच वाढते आहे. आमच्या महिला मंडळात हा उतारा कुणाला फारसा आवडत नाही, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. तो ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जणींचा जीव चर्चमागच्या चुलाण्यावर ठेवलेल्या भातात असतो. मात्र हे सगळं सुनावून झाल्यावर सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, “तू बस, आज मी बघते.” त्या बऱ्याच दिवशी म्हणाल्या.

माझे गाईड वारकरी. आषाढीच्या आधी ते आळंदीहून निघत आणि पंढरपूरला पोचून परत येईपर्यंत फोन बंद. माझा डिसेंबर बंद, कारण नाताळच्या करंज्या, शंकरपाळी, अनारसे, कॅरलची घरोघर फेरी आणि संडे स्कूलचं नाटक. या नाटकात मेंढपाळ नेहमी जास्त होतात आणि योसेफ व्हायला कुणी तयार नसतं. विद्यापीठाच्या नियमात संशोधक स्त्रीला मातृत्वासाठी आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. एरवी सहा वर्षांची मुदत असते, स्त्रीला वर दोन वर्षं वाढवून मिळतात. नाताळचा उल्लेख कुठेच नाही. नियम करणाऱ्यांनी कधी अनारसे केलेले नसावेत. पण सरांशी माझं छान जमलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. सरांचं म्हणणं, पूल आहे तर दोन्हीकडून वापरावा. टिळकांच्या अभंगांवरचं माझं टिपण त्यांनी दिंडीत वाचलं. परत आलं तेव्हा त्याच्या समासात दुरुस्त्या होत्या आणि कोपऱ्यात बुक्का.

मुलांना आईचा प्रबंध म्हणजे घरातला आणखी एक माणूस वाटायचा. जेवताना रेव्हरंड टिळकांच्या पत्नी, लेखिका लक्ष्मीबाई टिळकांचं नाव इतक्यांदा निघे, की धाकटीने शाळेत ‘माझे कुटुंब’ या निबंधात आजीच्या पुढच्या ओळीत त्यांना बसवलं. पालक सभेत बाईंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, “लक्ष्मीबाई आजींना बरं नाही का? मुलगी म्हणते, आई त्यांच्यामुळे रात्रभर जागी असते.” त्या १९३६ सालीच गेल्या, हे सांगायला मला जरा अवघड वाटलं.

तशी लेक फार चुकली नव्हती. अडल्यावेळी मी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ उघडत असे आणि ते संशोधनाच्या पद्धतीत अजिबात बसणारं नव्हतं. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, मग स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळेला त्याच श्रद्धेपाशी आल्या. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई, पोरांचा आणि पाहुण्यांचा राबता असलेलं घर चालवत होती. नवरा असा की हातातलं कुणाला देऊन टाकील आणि घरात काय शिजणार हे विसरून जाईल. टिळकांना समतोलाबद्दल कुणी विचारलं नसणारच. विचारायला ते घरी तर सापडले पाहिजेत!

या घरातली मला सगळ्यात जवळची गोष्ट ‘ख्रिस्तायना’ची. टिळकांनी हे महाकाव्य हाती घेतलं, थोडे अध्याय लिहिले आणि १९१९ साली ते गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतलं आणि साठांहून जास्त अध्याय रचले. तरी थोडं उरलंच. ते मुलाने, देवदत्ताने, पुरं केलं. एका पुस्तकाला तीन माणसं लागली आणि त्यातली दोघं मूळ योजनेत नव्हती. माझ्या प्रबंधातल्या तळटिपा थोरल्याने जुळवल्या आहेत, परिशिष्टातल्या तारखा ह्यांनी ताडून पाहिल्या आहेत आणि एका उपासना-गीताची चाल मला सासूबाईंनी भाकरी थापता थापता गाऊन दाखवली, तेव्हा कुठे त्याच्या छंदाचा घोळ सुटला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मात्र प्रतिज्ञापत्र असतं, की हे काम सर्वस्वी माझं आहे. मी सही केली. विद्यापीठाला ‘ख्रिस्तायन’ समजावून सांगायला वेळ नव्हता.

पंडिता रमाबाईंवर मी एकच प्रकरण लिहिलं, जास्त लिहायचं धाडस झालं नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींचा प्रपंच चालवायचा, ग्रीक-हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणायचं, ते तिथल्याच मुलींच्या हातून छापायला घ्यायचं. १९२१ साली एकुलती एक मुलगी गेली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या, आणि पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. हे वाचल्यावर वेळ मिळत नाही असं म्हणायची सोय राहत नाही, म्हणून ते पुस्तक मी वरच्या फळीवर ठेवलं.

एका वर्षी उत्तम शुक्रवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं. त्या दिवशी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. माझ्या वाट्याला सहावा आला. काम पूर्ण झाल्याचा. मी उभी राहिले तेव्हा भर शोकाच्या उपासनेत बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लागले. पाळकसाहेब शपथेवर सांगतात, की नावं चिठ्ठ्या टाकून काढली होती.

पण प्रबंधातला जो भाग परीक्षकांनी वाखाणला, तो ह्याच बायकांचा आहे. दोन वर्षं मी ग्रंथालयांतून ‘ज्ञानोदया’चे तुटक अंक शोधत होते. हवा तोच अंक गायब, किंवा आहे पण पानं वाळवीने वाचून संपवलेली. एका रविवारी उपासनेनंतर चहाच्या रांगेत मागच्या बाकावरच्या एक आत्या म्हणाल्या, “तू कसले कागद शोधतेस गं? आमच्या आजीच्या ट्रंकेत आहेत ढीगभर.” आजी बायबल-बाई होत्या, गावोगाव चालत जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या. ट्रंकेत अंक होते, वहीत उतरवून घेतलेली गीतं होती आणि त्यांच्या स्वतःच्या चार कविता, कधीच न छापलेल्या. ज्या चहाच्या रांगेत माझा अर्धा रविवार जातो म्हणून मी कुरकुरत असे, त्या रांगेतून तिसरं प्रकरण निघालं.

सगळ्यात छळलं ऋणनिर्देशाने. आधी कोण, हा वाद घरात आठवडाभर चालला. सासूबाईंचं मत, आधी प्रभू. ह्यांचं मत, प्रभूला प्रत जाणार नाही, गाईडना जाणार आहे. सर म्हणाले, “देवाचं आधी घाला, माझी हरकत नाही. पण विद्यापीठाचं नाव दुसऱ्या पानावर ढकलू नका.” नियमाप्रमाणे ऋणनिर्देश वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून वगळलेला असतो. मी उत्सुकता म्हणून घरी तो त्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिला. प्रबंधात साम्य नगण्य होतं, कृतज्ञता मात्र जवळजवळ सगळी दुसऱ्यांची निघाली.

अंतिम मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, असं मी घरी सहज बोलले. सासूबाईंनी ते चर्चमध्ये जाहीर केलं. विद्यापीठाच्या त्या खोलीत इतक्या नऊवारी-सहावारी एकदम कधी आल्या नसतील. डब्यांत फराळ होता. बहिःस्थ परीक्षकांनी मला बायबल-बाईंच्या कवितांवर एक कठीण प्रश्न विचारला, मी जमेल तसं उत्तर दिलं, आणि ते संपताच मागून खणखणीत आवाज आला, “आमेन!” परीक्षक क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, यापुढे मला काही विचारायचं नाही.

प्रबंध आता गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आहे, कुणालाही फुकट वाचता येतो, अजून गर्दी झालेली नाही. आजारांच्या यादीतून माझं नाव निघालं. पुढच्याच रविवारी सासूबाईंनी नवी विनंती दिली, ह्यांच्या अर्धवट राहिलेल्या एलएलबीसाठी.

तुमच्या ओळखीत कुणी बाई प्रबंध लिहीत असेल तर ‘कुठवर आलं?’ असं कृपा करून विचारू नका, एखाद्या शनिवारी तिची मुलं आपल्या घरी न्या. आणि माळ्यावर आजीची ट्रंक असेल, तिच्यात ‘ज्ञानोदया’चे अंक, गीतांच्या वह्या, पत्रं असतील, तर नाताळच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि पोच लिहून घ्या.