पंचगंगेनं पन्हाळा घेतला

कोल्हापुरातलं फायबरचं जाळं खांबाखांबावर लोंबत असतं, त्यावर कावळे बसतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस टांगले जातात. तेच जाळं आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर मात्र सरळ रेषेत, काटकोनात वळणारं. चोवीस कोअरची केबल म्हणजे बारा-बाराच्या दोन ट्यूब, एक निळी, एक नारिंगी. आतल्या कोअरचे रंग ठरलेले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी तो हिरवट आकाशी. कुठला कोअर कुठल्याला जोडलाय, हे दाखवणारी आकृती प्रत्येक क्लोजरसाठी, म्हणजे केबलच्या सांध्यावरच्या डब्यासाठी, लागते. दरवेळी चोवीस रेघा कोण मारत बसणार? म्हणून एकदाच काढायची, ऑटोकॅडमध्ये तिचा ब्लॉक करायचा, वेगळ्या फाइलीत काढून ठेवायचा आणि लागेल तिथं आणून बसवायचा.

ऐकायला सोपं आहे. पण शून्य लेयरवर काढलेला ब्लॉक पक्षांतर केलेल्या पुढाऱ्यासारखा असतो. ज्या लेयरवर बसवाल तिचा रंग लगेच अंगावर. त्यामुळे प्रत्येक कोअरला रंग ठोकून द्यावा लागतो. एककांचं आणखी वेगळं. ब्लॉक मिलिमीटरमध्ये आणि नकाशा मीटरमध्ये असला आणि फाइलींत एककं नेमून दिलेली नसली, की हातभर क्लोजर हजारपट फुगून रंकाळा तलावात पाय सोडून बसतो.

एवढं निस्तरून प्रिंटला पाठवावं, तर वरून हुकूम येतो: कलर प्रिंट महाग पडते, ब्लॅक अँड व्हाइट काढा. झालं! बाराच्या बारा कोअर काळे. त्यात पांढऱ्याची तऱ्हा न्यारी. ऑटोकॅडचा सात नंबरचा रंग काळ्या पडद्यावर पांढरा दिसतो आणि कागदावर काळा उमटतो. कलर प्रिंटसाठी हट्टानं अस्सल पांढरा द्यावा, तर पांढऱ्या कागदावर तो कोअरच नाहीसा. शेवटी प्रत्येक रेघेशेजारी रंगाचं नाव लिहिलं. म्हणजे रंग दाखवण्यासाठी आता आम्ही अक्षरं काढतो.

ब्लॉकचा खरा गुण असा, की मूळ ब्लॉक बदलला की नकाशात जिथं जिथं तो बसलाय तिथं तिथं बदल होतो. आमच्या ज्युनिअर पोरानं शाहूपुरीतल्या एका क्लोजरवर प्रामाणिकपणे टीप टाकली: ‘2019 च्या पुरात बुडाला होता. आत पाणी. उघडताना जपून.’ टाकली ती थेट ब्लॉकच्या आत. सेव्ह केलं, आणि अख्खा जिल्हा बुडाला. नदीकडची गंगावेस, शुक्रवार पेठ एकवेळ खपून गेली असती. पण राजारामपुरी बुडाली, जोतिबाचा डोंगर बुडाला आणि पन्हाळाही बुडाला. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी; पन्हाळ्याला पोचायला पंचगंगेला किती चढावं लागेल, याचा विचार संगणक करत नाही. 1660 साली सिद्दी जौहर पन्हाळ्याला महिनोन् महिने वेढा घालून बसला होता. पंचगंगेनं एका क्लिकमध्ये गड घेतला.

हे लक्षात येईपर्यंत कागद केबल जोडणाऱ्या जॉइंटरमामांच्या हातात गेले होते. मामा पन्हाळ्यावर. पोरगं घाबरून त्यांना फोन लावतंय, “मामा, ती टीप वाचू नका, चुकून सगळीकडं आलीय!”

“चुकून कशी?” पलीकडून मामा. “उघडून बघतोय की. पाणी हाय. पुराचं नसंल, पावसाचं असंल. आजवर तुमचा ह्यो एकच नकाशा बरोबर आलाय बघ. साहेबांना सांग, अजून दोन कॉप्या काढा म्हणावं. आणि लॅमिनेशन करून.”