वईतली वायर

नागावात आमच्या आणि वहिनींच्या वाडीच्या मधे एक वई आहे. ३ जून २०२०ला, निसर्ग वादळात, त्यांची पोफळ तिच्यावर आडवी झाली. तेव्हा जे भगदाड पडलं ते आम्ही दोघींनी आजतागायत बुजवू दिलेलं नाही. पुरुषमंडळी दर दिवाळीनंतर काट्या तोडायला निघतात आणि आम्ही त्यांना दुसरं काम लावतो.

परवा दुपारी वहिनी भगदाडाशी बसून पांढऱ्या कांद्याच्या माळा वळत होत्या. मी म्हटलं, "ऐकलंत का वहिनी, आमच्या पोराला आय नाइन हवाय."

"गाडी?"

"अहो नाही, कॉम्प्युटरातला प्रोसेसर. गेम खेळायला. चाळीस हजार मागतोय, आणि ते नुसत्या सुरुवातीला."

वहिनींनी माळ खाली ठेवली. त्या माळ खाली ठेवतात तेव्हा विषय गंभीर असतो. "कोपऱ्यावरच्या घरात आलाय की तो. सबंध सीझनचं कॉटेजचं भाडं घातलंन बापाने. आणि पोरगा खेळतो काय? पत्ते! मी खिडकीतून बघितलंय."

"खिडकीतून?"

"विरजण मागायला गेले होते हो. ते सोडा. देवळामागच्यांचं कळलं ना तुम्हाला?"

कळलं होतं, पण वहिनींकडून ऐकण्यात मजा वेगळी. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या धाकट्याने लॅमिंग्टन रोडवरून रायझन ५ ५६०० आणला. वस्तू चांगली, भावही बरा. जोडला, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. दोन दिवस पोरगा जेवला नाही. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, त्या पोरावरून की डब्यावरून यावर अजून वाद आहे. शेवटी सगळं प्लॅस्टिकात गुंडाळून भर पावसात मांडव्याला. गेटवेच्या लाँचा बंद, म्हणून रोरोने भाऊच्या धक्क्याला, तिथून टॅक्सी. दुकानदाराने एवढंच विचारलं, "ग्राफिक कार्ड कुठाय?"

कार्ड घेतलंच नव्हतं! त्या प्रोसेसरात स्क्रीनवर चित्र उमटवायची सोयच नसते म्हणे.

"दुकानदाराने आधी सांगायला नको?" मी म्हटलं.

"पोराने विचारायला नको?" वहिनी म्हणाल्या. यावर आमचं दहा मिनिटं चाललं. मला अजूनही वाटतं, चूक दुकानदाराची.

एवढ्यात त्यांची लेक ओटीवरून उतरली. ती लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते, सुट्टीला घरी येते. "आई, अर्धंच सांगतेस. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असला तरी तीच गत. आय थ्री १२१००एफ, आय फाइव्ह १२४००एफ, दोघांनाही कार्ड लागतंच. एएमडीच्या ५६००मध्ये उलटं, आकड्यानंतर 'जी' असेल तरच आत सोय."

"पण आय नाइन जास्त चांगला ना गं?"

"काकू, कोलंबी सोलायला सहा बायका बसवल्यात. प्रत्येकीपुढे दोन पाट्या. एकीत अडलं की हात दुसरीत. ५६०० काय, १२४००एफ काय, हिशेब हाच: सहा कोअर, बारा थ्रेड. १२१००एफमध्ये चौघीच. व्हॅलोरंटला चौघी पुरतात, नव्या मोठ्या गेमांना त्यांची दमछाक होते. आय नाइन १४९००केमध्ये चोवीस जणी बसवल्यात, त्यातल्या आठच तरबेज. आणि बाजारात कोलंबी आहे दोन किलो."

"बाकीच्या काय करतात?"

"गप्पा," वहिनी म्हणाल्या.

"आणि वीज खातात. ५६०० हा ६५ वॅटचा, त्याच्यासोबत आलेल्या पंख्यावर भागतं. १४९००केने जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला गारवा वेगळा, पॉवर सप्लाय वेगळा." मग तिने जो प्रश्न विचारला तो आमच्या घरात महिनाभरात कोणालाच सुचला नव्हता. "तुमच्याकडे आत्ता आहे काय?"

मी पोराला डबा घेऊन यायला हाक मारली. ती भगदाडातून वाकून आत आली, डब्याचं झाकण काढलं. मागच्या जाळीला तांबूस गंज. आमची खारी हवा दाराच्या कड्यांना सोडत नाही, तिथे डब्याची काय कथा. आत २०१८चा माल निघाला: रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड, आठ जीबीची एकच रॅम.

ती हसायला लागली. "काकू, हा एएम४ बोर्ड आहे. २०१७ साली पहिले रायझन आले ते याच खाचेत, आणि ५६००सुद्धा याच खाचेत बसतो. बोर्ड बदलायचा नाही, रॅमही नाही. फक्त दुसरी आठची जोडीला लावायची, दोन असल्या की काम भरभर होतं. गेल्या दिवाळीपासून रॅमचे भाव बघितलेत ना? नवा एएम५ घेतलात तर डीडीआर५ सगळी नव्याने घ्यावी लागेल."

पोरगा फुरंगटला. "पण सगळे म्हणतात एएम४ संपला."

"तू सगळंच नव्याने घेत असतास तर मीही एएम५च आधी बघ म्हटलं असतं. तू घेतोयस का? स्क्रीन तुझी साधी, साठ हर्ट्झची. सेकंदाला दोनशे चित्रं काढणारा प्रोसेसर आणलास तरी तुला दिसणार साठच. उरलेले पैसे कार्डात घाल, चित्र तेच काढतं."

"आणि कार्डाला पैसे पुरले नाहीत तर?" मी.

"तर ५६००जी घ्या. त्याची कॅश अर्धी, सोळा एमबी, ५६००ची बत्तीस. म्हणजे हाताशी फळीवर डबे कमी आणि माळ्यावर सारख्या खेपा. पण कार्डाशिवाय व्हॅलोरंट चालेल आणि पोरगा जेवेल."

पोराने तेवढ्यात स्क्रू-ड्रायव्हर उचलला. तिने हातावर चापट मारली. "आधी बायॉस नवा करायचा, तोही जुना प्रोसेसर बसलेला असताना. नाहीतर बोर्ड नव्याला ओळखणारच नाही. आणि ते चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड मेला असं समजायचं."

लाइट म्हटल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"किती वेळ लागतो?"

"पाचदहा मिनिटं."

"मंगळवार नको मग," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी हमखास जाते." त्यांनी माळ पुन्हा हातात घेतली, दोन कांदे गुंफले. "आमच्या कॉटेजला इन्व्हर्टर आहे. रविवारी सकाळी पाहुणे समुद्रावर गेले की वायर टाकू भगदाडातून. मी समोर बसेन. आणि त्या दिवशी वईवर सोडे वाळत घालू नका, मांजरं येतात, वायरीवरून उड्या मारतात."

घरी येते तर यांनी कोयत्याला धार लावून ठेवलेली. या वर्षी वई बुजवायचीच म्हणत होते.

मी म्हटलं, रविवार होऊ दे. वायर जायचीय.