पहिली मैफल: नवशिक्यांसाठी प्रयोगवही

प्रयोगाचे नाव: गुरुपौर्णिमेला क्लासच्या कार्यक्रमात स्टेजवर बसून सात मिनिटे गाणे आणि तेवढा वेळ शुद्धीवर राहणे.

उद्देश: विद्यार्थ्याच्या अंगी आत्मविश्वास तयार होतो का, ते पाहणे. (लातूरच्या पालकांसाठी विशेष सूचना: या प्रयोगाला गुण नाहीत. आन्सर की निघत नाही. रिपीटर बॅच मात्र आहे, आणि तिच्यात असणे मानाचे समजतात.)

साहित्य:

1. एक विद्यार्थी. वय आठ ते अठ्ठावन्न.

2. राग भूप. स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. क्लासमध्ये वर्षभर न लागलेला मध्यम स्टेजवर हमखास लागतो, हे गृहीत धरावे.

3. तबलजी. शक्यतो समंजस.

4. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आदल्या रात्री चार्ज केलेला. आषाढात इकडे ढग दिसताच लाईट जाते. पाऊस मागाहून, मर्जीने येतो.

5. श्रोते. हे बहुतांशी नातेवाईक असून प्रत्येक जण आपल्याच लेकराच्या नंबराची वाट पाहत असतो. म्हणजे विद्यार्थ्याला वाटते तितके बारकाईने त्याचे गाणे कुणीच ऐकत नाही. ही माहिती कार्यक्रमाआधी दोनदा वाचावी.

कृती:

(1) सकाळी दहाची वेळ असल्यास साडेदहाला पोहोचावे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि 'मला गाण्यातलं काही कळत नाही, पण' या वाक्याने सुरू होणारे प्रमुख पाहुण्यांचे दीर्घ भाषण होऊ द्यावे. त्यात तास जातो आणि भीती पार कंटाळून जाते.

(2) आपला नंबर येईपर्यंत विंगेत उभे राहून मोठ्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत जाते. त्या शिडीवर विशारदपर्यंत चढलेल्या ताईच्याही हातातला रुमाल ओला आहे, हे नीट टिपून ठेवावे. भीती सगळ्यांना वाटते आणि तरीही लोक गातात, हे पुस्तकातून पटत नाही. विंगेतून दिसते.

(3) याच वेळी आजी किंवा मामा येऊन म्हणतील, "घाबरायलास कशाला? आपलेच लोकं हायेत सगळे." घाबरण्याचे खरे कारण तेच आहे, हे त्यांना सांगू नये.

(4) स्टेजवर बसल्यावर लगेच गाऊ नये. घाबरल्यावर श्वास आखूड होतो, आखूड श्वासावर स्वर पातळ येतो, पातळ स्वर ऐकून माणूस आणखी घाबरतो आणि लय पळू लागते. हे चक्र तोडायला एकच उपाय: तानपुऱ्यात षड्ज मिळेपर्यंत थांबावे आणि मग तो सावकाश, लांब लावावा. मागून पाहणाऱ्याला हे फार साधना केल्यासारखे दिसते.

(5) बंदिश सुरू करावी. दुसऱ्या आवर्तनात कधीतरी शब्द विसरतील. विसरू द्यावेत. प्रयोगाचा मुख्य भाग इथे सुरू होतो.

निरीक्षण: क्लासमध्ये चूक झाली की गुरुजी हात वर करतात, पेटी थांबते, जागा पुन्हा घेतली जाते. शिकायला हे आवश्यकच आहे. पण त्यामुळे विद्यार्थ्याला चूक म्हणजे थांबणे अशी सवय लागते. स्टेजवर कुणी थांबवत नाही. गुरुजी पहिल्या रांगेत हातावर हात ठेवून बसलेले आणि तबला चालूच. त्रिताल सोळा मात्रांचा. हुकलेली सम मध्यलयीत आठ-दहा सेकंदांत पुन्हा समोर येते. विद्यार्थी तोवर आकारात काहीतरी भूपासारखे गुणगुणतो, नवव्या मात्रेवर खाली ओळखतो, मुखडा पकडतो आणि समेवर येतो. तबलजी मान हलवतो. ही मान 'वाहवा' म्हणून हललेली नसून 'आलास का बाबा' म्हणून हललेली असते, पण चालते.

या आठ-दहा सेकंदांत जे घडते त्यालाच आत्मविश्वास म्हणतात. सगळे सुरळीत झालेल्या मुलाला फक्त टाळ्या मिळतात. पडून सावरलेल्याला आपण सावरू शकतो याची माहिती मिळते, आणि ती पुढच्या वर्षापर्यंत टिकते.

दक्षता:

— पालकांनी मोबाईल उभा धरून स्टेजच्या तोंडाशी येऊ नये. लेकराला आई दिसावी, कॅमेरा नव्हे.

— घरी जाताना रिक्षात चुकांची यादी काढू नये. ती गुरुजींकडे आहे.

— सात मिनिटे बरी झाली म्हणून पुढचे नाथराव नेरळकर जाहीर करू नयेत. पं. नाथराव नांदेडचेच, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य. पण संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना 2014 सालचा मिळाला, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटून गेली होती. तेवढी सवड लेकरालाही द्यावी.

— विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत नेले. शेजारच्या मुलीला आपल्या मुलीपेक्षा दोन मिनिटे जास्त मिळाली, हा वाद त्यांच्या उद्दिष्टांत नव्हता.

अनुमान: भीती जात नाही. तिच्यासकट गाता येते. हेच मूल पुढे वर्गात उभे राहून शंका विचारते, तोंडी परीक्षेत अडखळले तरी वाक्य पूर्ण करते. कारण अडखळल्यावर पुढची सम असते, हे त्याला माहीत झालेले असते.

तोंडी परीक्षेसाठी प्रश्न:

प्र. प्रयोग एकदाच केला तर चालेल काय?
उ. नाही. एका कार्यक्रमाने फक्त फोटो मिळतो. गुण येण्यास पुनरावृत्ती लागते.

प्र. दुसरा प्रयोग केव्हा करावा?
उ. दीड-दोन महिन्यांनी गणपतीत, डीजे नसलेले मंडळ सापडल्यास. न सापडल्यास दिवाळी पहाटेला. नांदेडकरांना त्यासाठी गोदावरीचा बंदाघाट आहे, आणि पहाटे पाचला गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचेच धैर्य मोठे असते.