गेला पावसाळा सांगून विका

पनवेलमध्ये घर विकायचे असेल तर दिवाळीनंतर काढा, असे इथला कुठलाही दलाल सांगतो. धंद्याच्या हिशेबाने सल्ला चोख आहे. ऑक्टोबरात पाऊस जातो, नोव्हेंबरात रंगारी येतो, डिसेंबरात गिऱ्हाईक येते. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतलेल्या भिंतीवर तेव्हा एक डाग दिसत नाही. रंगारी आणि गिऱ्हाईक यांच्या मधे जे झाकले जाते, त्याबद्दल मला बोलायचे आहे. हिवाळ्यात घर जरूर विका. पण गेला पावसाळा सांगून विका.

ओल कुठे जात नसते. गच्चीच्या कोब्यातली भेग, वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, बाहेरच्या प्लास्टरमधली बारीक चीर, सगळे जागच्या जागी असते. फक्त पाणी यायचे थांबलेले असते. मुरलेले पाणी सुकताना आतले क्षार वर आणते आणि भिंतीला लोणा लागतो. तो खरवडायचा, पुट्टीचे दोन हात द्यायचे, वर प्रायमर, वर पांढरा रंग. पुढच्या जुलैपर्यंत कोणी बोट दाखवू शकत नाही. घेणाऱ्याचा कर्जाचा हप्ता मात्र फेब्रुवारीतच सुरू झालेला असतो. घर स्वच्छ करून, रंगवून विकण्यात गैर काहीच नाही. गळती तशीच ठेवून नुसता रंग मारणे ही फसवणूक आहे, आणि तिला दुसरा शब्द मी वापरणार नाही.

कायदाही जवळपास तोच शब्द वापरतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ काढून बघा. जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीच्या काळजीने बघूनही सापडणार नाही, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणे म्हणजे कपट, असे ते कलम शेवटी स्पष्ट म्हणते. पुट्टीखालची ओल याहून वेगळी काय असते? फक्त करारात उलट काही ठरलेले असेल तर हे कलम तोकडे पडते. म्हणूनच मसुद्याच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर ‘जसे आहे, जिथे आहे’ ही ओळ गुपचूप येऊन बसते. त्या ओळीवर थांबा, वकिलाला विचारा आणि गेल्या पावसाळ्यात घर कुठे कुठे गळले हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

इमारत नवी असेल तर लपवाछपवी आणखी महागात जाते. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेराच्या कलम १४ प्रमाणे तो बिल्डरने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो, आणि विकत घेणाऱ्या दुसऱ्या मालकालाही हा हक्क मिळतो. तक्रार न करता रंग मारून विकणारा त्यातले एक अख्खे वर्ष खाऊन टाकतो. फायदा कोणाचा? बिल्डरचा.

मागच्या हिवाळ्यात भाचीसाठी नवीन पनवेलात एक जुने घर बघितले, सर्वांत वरच्या मजल्यावरचे. हॉल पांढराशुभ्र. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचे दार मी उघडले. खालच्या फळीचा प्लायवूड कडेने फुगून पापुद्रे सुटलेले, आणि मागच्या भिंतीवर, जिथे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता तिथे, तपकिरी कडांचा मोठा डाग. बोट फिरवले तर पिठासारखा लोणा बोटाला आला. दलाल लगेच म्हणाला, “पनवेलला कुठे नाही ओल, साहेब?” पण घराच्या मालकीण काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, “जुलैत इथे पातेलं ठेवावं लागतं. गच्चीचं काम सोसायटीने काढलंय, आमची वर्गणी भरून झालीय. पावती दाखवते.” दलालाचा चेहरा पडला. भाचीने दुरुस्तीचा खर्च धरून किंमत कमी मागितली, काकूंनी त्यातले निम्मे सोडले, आणि व्यवहार ठरला. इतर चार घरांत आम्हाला फक्त ‘काही प्रॉब्लेम नाही’ ऐकायला मिळाले होते. भाचीने काकूंचेच घर घेतले ते त्या पातेल्यामुळे. खरे बोलल्याने घर पडून राहते, ही दलालांनी पसरवलेली भीती आहे.

हिवाळा आणखीही गोष्टी झाकतो. जुन्या पनवेलला पाणी देणारे देहरंग धरण डिसेंबरात भरलेले दिसते. ते गाळाने उथळ झाले आहे आणि उन्हाळ्यात तळ गाठते. मे महिन्यात इमारतीला टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण भरते, हे आत्ताच विचारा. कळंबोली सखल भागात आहे. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाणी साठवायला सिडकोला तिथे धारण तलाव ठेवावे लागले. गाढी नदीजवळ घर बघत असाल तर २६ जुलै २००५च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. तो हाताने भिंतीवर उंची दाखवेल. ब्रोशरमध्ये ती उंची छापलेली नसते.

एक गोष्ट मात्र हिवाळाच उघडी पाडतो: हवा. पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि खालचा धूर, वास वर जाऊ देत नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या उग्र वासाबद्दल खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेलचे रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच रात्रीच्या किंवा पहाटेच्या असतात. घर मात्र दाखवतात रविवारी अकराला, ऊन हॉलमध्ये आलेले असताना. घेणाऱ्यांनो, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या इमारतीखाली जाऊन दहा मिनिटे उभे राहा. त्यासाठी दलालाची परवानगी लागत नाही.

आता पौष. अजून कितीतरी घरांत पौषात टोकन द्यायचे नाही आणि घ्यायचे नाही, असे पाळतात. श्रद्धा ज्याची त्याने पाळावी, पण २०२० आठवा. शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पौषासारखाच वर्ज्य मानला जाणारा धनुर्मास चालू होता, तरी दुय्यम निबंधक कार्यालयांसमोरच्या रांगा हटल्या नाहीत. मग सवलत नसताना पौष आडवा का येतो? माझ्या मते हा महिना घर बघायला उत्तम आहे. गर्दी कमी, ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ हा धाक कमी, आणि चार प्रश्न विचारायला वेळ भरपूर.

आणि नवी मुंबई विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झाले, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विमाने उडू लागली. तेव्हापासून ओलीबद्दल विचारले तरी उत्तर विमानतळाचे मिळते. भाव वाढेल, वाढू दे. विमानतळ कोणाच्या गच्चीची गळती थांबवणार नाही. त्याच्या कुंपणाला लागून असलेल्या पारगाव-डुंगीचे लोक तर भराव पडल्यापासून पावसाचे पाणी घरात शिरते म्हणून दाद मागत आले आहेत. विमानतळाच्या नावावर चार पैसे जास्त मागणाऱ्याला, पावसात खालचा रस्ता किती वेळ बंद असतो, हे विचारायचा घेणाऱ्याला पूर्ण हक्क आहे.

या सगळ्यावर एक कागद आहे, आणि तो कोणी मागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे भर पावसाळ्यात किंवा तो संपता संपता. ज्यांच्या घरात बादल्या लागलेल्या असतात ते त्या सभेला हटकून येतात आणि भांडतात. कोणत्या मजल्यावर गळती, गच्चीचे वॉटरप्रूफिंग किती वेळा झाले, कंत्राटदाराचे पैसे का अडवले, टँकरवर किती खर्च झाला, सगळे त्या सभेच्या इतिवृत्तात येते. त्याची प्रत मागण्याचा सभासदाला कायद्याने अधिकार आहे, आणि विकणारा सभासद असतो. घर विकायला काढताना शेअर सर्टिफिकेट, ना-देय दाखला, कर पावत्या यांच्या फाइलला गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते जोडून ठेवा. आणि घेणाऱ्यांनो, टोकनचा चेक लिहिण्याआधी ती मागा. सेक्रेटरी ‘नंतर बघू’ म्हणाले, तर चेकबुकही नंतरच काढा.