सुप्रभात, आंबे घ्या!

‘एंगेजमेंट वाढवा’ असा सल्ला हल्ली दुकानदारांना मिळतो. परवा आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला तो कार्यशाळेत, रीतसर पैसे भरून मिळाला. आमच्याकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. तिथे निदान पेढे फुकट असतात.

पंचाईत अशी, की सल्ला चुकीचा नाही. गिऱ्हाईक जिथे गप्पा मारतं तिथे धंद्याने जाऊन बसावं, हे गल्लीतल्या न्हाव्याला कधीपासून ठाऊक आहे. त्याने कुठे कार्यशाळा केली होती?

आता गप्पा व्हॉट्सॲपवर सरकल्या. २०१६ मध्ये एका ग्रुपवर २५६ माणसं मावत, २०२२ पासून १०२४ मावू लागली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आजवर सगळी वर्षं मिळून एवढी माणसं आली नसतील.

व्यापाऱ्याला मात्र माणसं दिसत नाहीत. १०२४ पाकिटं दिसतात.

मग तो येतो. सहाला गुलाबाच्या फुलासह सुप्रभात, सव्वासहाला पेटीचा भाव, दहाला ‘शेवटच्या पाच पेट्या’. या शेवटच्या पाच पेट्या जून उजाडला तरी संपत नाहीत.

ॲडमिनने हाकलायला नको का? सदस्याने काही वावगं टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. तेव्हापासून आमचा ॲडमिन ग्रुप उघडतच नाही.

तरी ग्रुपची खरी ताकद आपण पाहिली आहे. २०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी, ऐन हंगाम, वाशीच्या बाजाराची घडी विस्कटलेली. कोकणातल्या बागायतदारांनी थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्या गाठल्या. ग्रुपवर नावापुढे डझन लिहायचे, टेम्पो फाटकाशी यायचा. मधला दलाल गळला, आंबा घरात आला. पुढच्या वर्षी प्रत्येक ग्रुपवर तीन-तीन ‘थेट बागायतदार’ उगवले.

त्यातल्या एकाची बाग मार्केट यार्डात होती.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढे पाचच जिल्हे. ग्रुपवरचा हापूस एवढ्याशा जागेत कसा मावणार? तो कर्नाटकातून निघतो आणि वाटेत कुठेतरी ‘देवगड’ होतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या ग्रुपवर एका वहिनींनी कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला. आत पांढरट, भुसभुशीत गर. खाली एकच शब्द: ‘फसवणूक!’ सुप्रभातवाले सगळे एकदम मौनात गेले. उत्तर दिलं ते एका बागायतदाराने, आणि आंबा त्याचा नव्हताच. ‘वहिनी, याला साका म्हणतात. उष्णतेने होतो. बाहेरून ओळखू येत नाही, मलाही येत नाही. ज्यांच्याकडून घेतलात त्यांना सांगा, बदलून देतील.’ भाव नाही, नंबर नाही, गुलाबाचं फूलही नाही.

यंदा मार्चपासूनच लोक त्याचा नंबर शोधताहेत. ‘तो साकावाला’ म्हणून.

‘मलाही येत नाही’ हे वाक्य कुठल्या कार्यशाळेत शिकवतात?

उलट नमुनाही जवळच आहे. आमच्या भागातल्या एका हॉटेलबद्दल कुणीतरी लिहिलं, मिसळीत केस निघाला. मालकाने ॲडमिनला फोन करून (हो, तेवढ्यापुरता तो जागा झाला) पोस्ट काढायला लावली. तोवर स्क्रीनशॉट आठ ग्रुपवर पोचला होता. केस एकच होता, आता तो अख्ख्या पेठेच्या मिसळीत आहे.

डेन्मार्कच्या लेगोने तर गिऱ्हाइकांनाच कामाला लावलं. खेळण्याची कल्पना कुणीही मांडावी. १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी विचार करते, आणि ते बाजारात आलं तर विक्रीतला १ टक्का कल्पनेच्या धन्याला. आमच्याकडे गिऱ्हाइकाने काही सुचवलं, की गल्ल्यावरून उत्तर येतं: ‘मग तुम्हीच का नाही दुकान काढत?’

दुकानदार ग्रुपवर आला की आधी बोलतो, मग विकतो, आणि तक्रार आली की ‘नेटवर्क नव्हतं’. कानांचा उपयोग फक्त फोन लावायला.

असो. परवा आमच्या ग्रुपवर एक नवा सदस्य आलाय. नाव लिहिलेलं नाही, फोटोत गणपती. कुणी विचारलं तर प्लंबरचा नंबर देतो, पाणी कधी येणार ते सांगतो. चार दिवस झाले, अजून काहीच विकलेलं नाही.

सोसायटीत जरा घबराट आहे.